ईकोर्ट्स सर्व्हिसेस ॲप: तारीख कळते, पण ज्याला केसच माहीत नाही त्याचं काय?

पाचपैकी चार स्टार. फुकट आहे, जाहिराती नाहीत, लॉगिनची भानगड नाही, आणि जिल्हा कोर्टातल्या केसची पुढची तारीख घरबसल्या दिसते, एवढं सरकारी ॲपने केलं तर आपण खूश व्हायला पाहिजे आणि मी आहेच. पण हे ॲप फोनमध्ये टाकलं म्हणजे आता कोर्टाचं काही चुकायचंच नाही अशा थाटात लोक बोलायला लागलेत ते बघून जरा सविस्तर लिहितोय. तारीख स्क्रीनवर दिसणं वेगळं आणि आपल्याला रीतसर नोटीस मिळून आपलं म्हणणं मांडायची संधी मिळणं वेगळं, आणि मधल्या फटीत शहाणीसुरती माणसं अडकलेली बघितलीयत, आमच्या घरातलीच.

आधी चांगलं सांगतो.

ईकोर्ट्स हा केंद्र सरकारचा आणि सुप्रीम कोर्टाच्या ई-कमिटीचा प्रकल्प. २००७ मध्ये सुरू झाला, सध्या तिसरा टप्पा चालू आहे, त्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी मंजूर झालेत. त्यातलं बरंचसं कॉम्प्युटर, सर्व्हर, स्कॅनिंग असल्या गोष्टींना जातं जे आपल्याला दिसत नाही, आपल्यासारख्या पक्षकाराच्या हातात थेट पडलं ते हे ॲप. आधी काय असायचं तर तारीख वकिलाच्या डायरीत. वकिलांनी फोन उचलला नाही की त्यांच्या कारकुनाला फोन, कारकून म्हणणार साहेब कोर्टात आहेत संध्याकाळी करा, संध्याकाळी केला की उद्या डायरी बघून सांगतो. आणि जज रजेवर असले, बोर्ड डिस्चार्ज झालं म्हणजे त्या दिवशीच्या केस पुढे ढकलल्या तर ते कळायचं थेट कोर्टाच्या दारात, अर्धा दिवस रजा टाकून एसटीने गेल्यावर.

आता सीएनआर नंबर टाकला की झालं. हा १६ अक्षरी नंबर म्हणजे केसचं आधार कार्डच समजा. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन आकडे कोर्टाचे, सहा आकडे केसचे आणि शेवटचे चार वर्षाचे. महाराष्ट्रातली केस असेल तर एमएचने सुरू होणार. केसचा नंबर लक्षात नसला तरी हा एक लिहून ठेवा, कारण नुसता 'आरसीएस (साधा दिवाणी दावा) एवढा एवढा' म्हटलं तर तालुक्यालाही तोच नंबर असतो आणि जिल्ह्यालाही, सीएनआर मात्र देशात एकच. एकदा शोधलं की 'माय केसेस'मध्ये सेव्ह करायचं, मग तारखेप्रमाणे यादी लागते.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे केसची हिस्ट्री. मागच्या तारखांची यादी येते आणि एखाद्या तारखेवर टॅप केलं की त्या दिवशी कोर्टात काय झालं ते दोन ओळीत उघडतं, रोजनाम्याचा सारांश म्हणा. वादीचे वकील हजर, प्रतिवादी गैरहजर, समन्सचा रिपोर्ट आला नाही, पुढची तारीख अमुक. म्हणजे 'साहेबांनी आज जोरदार बाजू मांडली' असं कुणी सांगितलं आणि स्क्रीनवर 'मुदतीचा अर्ज, मंजूर' दिसलं तर समजून घ्यायचं. वकील मंडळींनी रागावू नये, चांगल्या वकिलांना याचा फायदाच होतो, पक्षकार दर दोन दिवसांनी फोन करत नाही.

अजून एक भाग आहे तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. केसच्या पानावर खाली प्रोसेसची नोंद असते, म्हणजे कोणाच्या नावाने समन्स किंवा नोटीस कुठल्या तारखेला काढली ते. माझ्या मते अख्ख्या ॲपमधली ही सगळ्यात कामाची जागा. का ते मामांच्या प्रकरणावरून सांगतो.

मामा गेली बरीच वर्षं मुंबईला मुलाकडे राहतात. गावाकडे वडिलोपार्जित जमीन, भाऊबंदकी, त्यात चुलतभावाने वाटपाचा दावा लावला आणि बाकीच्या हिस्सेदारांबरोबर मामांनाही प्रतिवादी केलं. पत्ता दिला गावच्या घराचा, ज्याला कुलूप. मामांना दाव्याची खबरच नाही. एका कार्यात कुणीतरी सहज म्हणालं, "काय आण्णा, तारखेला येत नाही वाटतं तुम्ही?" मामा म्हणाले, "कसली तारीख?" तिथून सगळं सुरू झालं. मामेभावाने रात्री ॲप डाउनलोड करून पक्षकाराच्या नावाने शोधायला घेतलं. आणि इथे ॲपची पहिली परीक्षा. नावाने शोधायचं तर राज्य, जिल्हा, कोर्टाची इमारत निवडायची, वर्ष टाकायचं आणि नाव इंग्रजी स्पेलिंगने. आता मराठी आडनावाला इंग्रजीत किती रूपं असतात ते चव्हाणांना विचारा, कोणी व्ही घालतं कोणी डब्ल्यू, कोणी शेवटी ए लावतं. दाव्यावर लिहिणाऱ्याने जे टाइप केलं तेच टाकलं तर सापडणार, नाहीतर 'रेकॉर्ड नॉट फाउंड' येऊन तुम्ही निर्धास्त झोपणार. मामेभाऊ चिकट, वेगवेगळी स्पेलिंगं करत राहिला आणि शेवटी चुलतभावाच्या नावाने शोधलं तेव्हा दावा मिळाला. हिस्ट्री उघडली तर मामांविरुद्ध एकतर्फा हुकूम, म्हणजे ते गैरहजर म्हणून त्यांच्याशिवायच केस पुढे चालवायचा हुकूम, होऊन पार पुरावा सुरू झालेला.

मामांचा पहिला प्रश्न, "अरे पण मला कुणी कागदच दिला नाही तर माझ्याविरुद्ध केस चालते कशी?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. ज्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा त्याला आधी कळवा, तयारीला वेळ द्या, मग ऐका, हा नैसर्गिक न्यायाचा पायाच आहे आणि तो फक्त पुस्तकात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ५ मधला नियम ६ बघा, हजर राहायची तारीख ठरवताना प्रतिवादी राहतो कुठे, समन्स पोचायला किती वेळ लागेल याचा विचार करून त्याला पुरेसा वेळ मिळेल अशीच तारीख द्यायची असं सरळ लिहिलंय. म्हणजे समन्स आज मिळालं आणि तारीख उद्या, असं झालं तर ते नावापुरतं बोलावणं. सुप्रीम कोर्टाने १९५५ मध्ये संग्राम सिंह विरुद्ध इलेक्शन ट्रिब्युनल, कोटा या केसमध्ये हेच ठणकावलं होतं की प्रक्रियेचे नियम न्याय सोपा करायला आहेत, माणसाला न ऐकता त्याच्याविरुद्ध निर्णय होऊ नये. त्या केसची गंमत म्हणजे एका तारखेला माणूस नव्हता म्हणून पुढच्या तारखांनाही त्याला भाग घेऊ देणार नाही अशी भूमिका ट्रिब्युनलने घेतली होती, ती चुकीची ठरली. हे सामान्य माणसाला माहीतच नसतं. एकतर्फा हुकूम झाला म्हणजे सगळं संपलं असं समजून लोक घरी बसतात, पण केस चालू असेल तर ती जिथवर आली असेल तिथून पुढे तुम्हाला सामील होता येतंच. मागे गैरहजर राहिल्याचं सबळ कारण दिलं तर ऑर्डर ९ नियम ७ खाली कोर्ट तुम्हाला जणू वेळेवर आल्यासारखं धरू शकतं, फार तर कॉस्ट, म्हणजे समोरच्याच्या खर्चापोटी काही रक्कम, भरायला लावतं. डिक्री, म्हणजे दाव्याचा निकालच, झाली असेल तर ती रद्द करून मागायला त्याच ऑर्डर ९ चा नियम १३.

मामांच्या वकिलांनी फाइलची तपासणी केली तेव्हा बेलीफचा, म्हणजे समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याचा, रिपोर्ट मिळाला. घर बंद, शेजारी चौकशी केली, बाहेरगावी राहतात असे समजले, सबब समन्सची प्रत दाराला चिकटवली. आता बेलीफाने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. घर बंदच होतं. दाराला चिकटवायची तरतूद ऑर्डर ५ च्या नियम १७ मध्ये आहेच, पण त्याला अटी आहेत, माणूस नेहमीच्या राहत्या घरी नीट शोधूनही सापडत नाही, थोड्या वेळात सापडायची शक्यताही नाही आणि घरात घ्यायला दुसरं कुणी नाही, तेव्हा. इथे मामा वर्षानुवर्षं तिथे राहतच नव्हते, आणि हे दावा लावणाऱ्याला माहीत होतं. कसं माहीत होतं? तर त्याच चुलतभावाने मुलीच्या लग्नाची पत्रिका मामांना मुंबईच्या पत्त्यावर कुरिअरने पाठवली होती, दाव्याच्या आधी. मामी कुठलंच पाकीट टाकत नाहीत, आतला कागद संपला की पाठीवर किराण्याची यादी करतात. ते पाकीट सापडलं. पुढच्या बाजूला पाठवणाऱ्याचं नाव, मुंबईचा पत्ता आणि तारखेचा स्टिकर, मागे साबुदाणा अर्धा किलो. ते तसंच्या तसं अर्जाला जोडलं. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली, पण जजनी पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि हुकूम रद्द केला, थोडी कॉस्ट लावून. कॉस्ट का, हे मामांना अजून पटलेलं नाही.

तर आता मुद्दा असा की यात ॲपचं श्रेय किती? खूप. ॲप नसतं तर मामांना कळलं असतं ते थेट दरखास्त, म्हणजे डिक्रीच्या अंमलबजावणीचा अर्ज, निघून मोजणीवाले शेतात आल्यावर. पण ॲपने मामांना बोलावलं नाही, त्या कार्यातल्या माणसाने बोलावलं. हे ॲप म्हणजे एसटी स्टँडवरचं वेळापत्रक आहे, ज्याला प्रवासाला जायचंय हे माहीत आहे त्याच्यासाठी उत्तम. ज्याला केस आहे हेच ठाऊक नाही, म्हणजे ज्याला नोटिशीची सगळ्यात जास्त गरज आहे, तो हे ॲप उघडणारच कशाला? एक स्टार इथे गेला.

याच्यावर उपाय काय असं कुणी विचारेल. एसएमएसची सोय आहे ना. आहे, पण एसएमएस जातो तो दाखल करताना जो मोबाइल नंबर दिला असेल त्यावर, आणि बहुतेक वेळा तिथे वकिलांचा नंबर असतो. प्रतिवादीचा नंबर तर समोरच्याने द्यायचा, तो देतोय! त्यामुळे तुमची केस चालू असेल तर आजच वकिलांना सांगा की रेकॉर्डला माझाही मोबाइल नंबर आणि ईमेल लावा. आणि पत्ता बदलला की तोही कळवा, ही दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात, एकदा हजर झाल्यावर तुम्ही दिलेल्या पत्त्यावर नोटीस गेली की तुमची 'मी तिथे राहत नव्हतो' ही तक्रार कुणी फार मनावर घेत नाही.

बेलीफांसाठीही आता एनस्टेप नावाची व्यवस्था आणलीय, ईकोर्ट्सचाच भाग. बेलीफाच्या हातात फोन, समन्स बजावायला गेला की लोकेशन आणि फोटो जागेवरून चढतो, म्हणजे टपरीवर बसून 'घर बंद' लिहायची सोय राहत नाही. कल्पना झकास. फक्त मामांसारख्या केसमध्ये तिचा उपयोग शून्य, कारण पत्ताच चुकीचा दिला असेल तर जीपीएस अगदी अचूकपणे चुकीच्या दाराचा फोटो काढणार.

आता एक धारदार गोष्ट, जी मला मामांच्या वकिलांनी सांगितली आणि जी ॲप वापरणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. ॲपवर केस दिसली की घड्याळ सुरू होऊ शकतं. एकतर्फा डिक्री रद्द करायच्या अर्जाला मुदत ३० दिवस, लिमिटेशन ॲक्टचा आर्टिकल १२३. समन्स रीतसर बजावलं असेल तर डिक्रीच्या तारखेपासून, बजावलं नसेल तर तुम्हाला डिक्री कळली त्या दिवसापासून. आणि पेपरात जाहिरात देऊन केलेली बजावणी यासाठी रीतसर धरत नाहीत, तेवढा दिलासा आहे. पण तुम्ही ॲपवर डिक्री बघितली, ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला, 'बघा कसा फसवला' म्हणून चार लोकांना पाठवला आणि मग आरामात तीन महिन्यांनी वकिलाकडे गेलात, तर समोरचा तोच स्क्रीनशॉट दाखवून म्हणेल की याला कधीच कळलं होतं. ऑर्डर ९ नियम १३ च्या परंतुकात तर असंही आहे की समन्स बजावण्यात नुसती अनियमितता होती म्हणून डिक्री रद्द होत नाही, जर तुम्हाला तारीख माहीत होती आणि येऊन उत्तर द्यायला पुरेसा वेळ होता असं कोर्टाला वाटलं तर. म्हणजे 'कागद हातात दिला नाही' ही ढाल कायम चालत नाही. त्यामुळे ॲपवर आपलं नाव दिसलं की आधी वकील, नंतर ग्रुप.

याच्याच जोडीला तो जुना गैरसमज, पाकीट घेतलं नाही की केस होत नाही. पोस्टमनला 'ते इथे राहत नाहीत' सांगून परत पाठवणारे हुशार लोक प्रत्येक गल्लीत आहेत. अहो, 'घेण्यास नकार' असा शेरा येऊन पाकीट परत गेलं की कोर्ट बजावणी झाली असं जाहीर करतं, तसा नियमच आहे. पत्ता बरोबर, पोस्टाने रीतसर पाठवलेलं आणि पोचपावतीच ३० दिवसांत आली नाही, तरी तेच. म्हणजे नकार देऊन तुम्ही फक्त आत काय लिहिलंय ते वाचायची संधी घालवता, तारीख तर पडतेच. उलट घ्या, फोडा, तारीख बघा. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून कैफियत, म्हणजे आपलं लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस असतात, कारण दाखवून ९० पर्यंत वाढतात, त्यापुढे साध्या दाव्यात कोर्टाच्या मर्जीवर. कमर्शियल दाव्यात १२० दिवस झाले की संपलं, तिथे कुणी दया दाखवत नाही.

व्हॉट्सॲपवर आलेली नोटीस धरायची का, हा हल्ली सगळ्यांचा लाडका प्रश्न. सरसकट हो पण नाही आणि सरसकट नाही पण नाही. मुंबई हायकोर्टाने २०१८ मध्ये एका वसुलीच्या प्रकरणात पीडीएफ पाठवली, निळ्या टिका आल्या आणि फाइल उघडलीसुद्धा हे बघून बजावणी मानली होती. कोविडमध्ये जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टाने ईमेल आणि मेसेंजरवरून पाठवायला मुभा दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, म्हणजे बीएनएसएसमध्ये, कोर्टाचा शिक्का असलेलं इलेक्ट्रॉनिक समन्स चालतं. पण पोलिसांनी हजर राहा म्हणून द्यायची कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर चालणार नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय, कारण ती पाळली नाही तर थेट अटकेपर्यंत जाऊ शकतं. मला हा फरक पटतो. जिथे माणसाचं स्वातंत्र्य पणाला लागतं तिथे निळ्या टिकेवर भागवू नये. जाता जाता, त्याच नव्या कायद्याने एक जुनी खोड पण मोडली. आधी फौजदारी समन्स घरात पुरुष माणसाच्याच हातात देता यायचं, आता कुठल्याही सज्ञान सदस्याच्या, म्हणजे आमच्या मामीसुद्धा घेऊ शकतात. घरात कागद जपून ठेवणारं माणूस कोण हे कायद्याला उशिरा का होईना कळलं.

आणि हो, 'तुमच्यावर केस झालीय, नोटीस बघायला ही फाइल इन्स्टॉल करा' असे जे मेसेज येतात ना, एपीके फाइलवाले, ते शंभर टक्के चोर. व्हिडिओ कॉलवर काळा कोट घालून 'डिजिटल अरेस्ट' म्हणणारे पण चोरच, असला प्रकार कायद्यात नाहीच. इथे ॲपचा खरा उपयोग होतो. सीएनआर मागा, ॲपमध्ये टाका, निघाली केस तर बघू. नंबर देत नसतील तर फोन ठेवा. फक्त ॲप अधिकृत स्टोअरमधूनच घ्या, मेसेजमधल्या लिंकवरून नको.

ॲपवरच्या तारखेवर किती विसंबायचं? कोर्टातला कर्मचारी जेव्हा नोंद करतो तेव्हा ती दिसते, हे लक्षात ठेवायचं. कामकाज उशिरा संपलं, नोंद दुसऱ्या दिवशी झाली, असं कुठेही होऊ शकतं, आणि माहितीतल्या चुकीची किंवा उशिराची जबाबदारी कोर्टावर नाही असं ईकोर्ट्सच्या डिस्क्लेमरमध्येच असतं. म्हणून तारखेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी कॉज लिस्ट, म्हणजे आपल्या भाषेत बोर्ड, उघडून आपली केस कितव्या नंबरला आणि कुठल्या कोर्टापुढे आहे बघायचं. बदल्यांच्या सीझनमध्ये कोर्ट नंबर बदलतो, आणि तुम्ही दुसऱ्या मजल्यावर निवांत बसलेले असताना पहिल्या मजल्यावर पुकारा होऊन जातो. बोर्डावर नंबर मिळतो, वेळ मिळत नाही. अमुक वाजता तुमचं ऐकू असं सांगता आलं असतं तर रोजंदारीवरच्या माणसाचा एक पगार वाचला असता, पण ते बहुतेक चौथ्या टप्प्यात वगैरे.

एक फीचर मात्र खूप कमी लोक वापरतात, कॅव्हेट सर्च. दिवाणी संहितेच्या कलम १४८अ खाली तुम्हीच आधी कोर्टात कळवून ठेवायचं की अमुक माणूस माझ्याविरुद्ध अर्ज करण्याची शक्यता आहे, मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका. ९० दिवस चालतं, मग परत टाकावं लागतं. भाऊबंदकीत वारं फिरल्याचं जाणवलं की हे करून ठेवावं, समोरच्याने गुपचूप मनाई हुकूम मागितला तर आधी तुम्हाला नोटीस जाते. ऐकून घेण्याचा हक्क आपणहून बजावायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिला, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतले लोक, कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

पाचवा स्टार कशाला देईन तेही सांगतो, नुसती नावं ठेवून काय उपयोग. नोव्हेंबर २०२४ मध्ये बुलडोझरच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घर पाडायच्या आधी किमान १५ दिवसांची नोटीस पोस्टाने पाठवा, घरावरही चिकटवा, प्रत्यक्ष सुनावणी द्या, आणि नोटीस, उत्तर, हुकूम हे सगळं दिसेल असं डिजिटल पोर्टल करा. याच मुंबईच्या फुटपाथवरच्या झोपड्यांच्या केसमध्ये, ओल्गा टेलिस, १९८५, महापालिकेच्या कायद्यात नोटीस न देता हटवायची मुभा असली तरी ती अपवाद म्हणूनच वापरायची, एरवी ऐकून घ्यायचं असं कोर्ट म्हणालं होतं. म्हणजे चाळीस वर्षांत आपण तत्त्वापासून पोर्टलपर्यंत आलो. मग दिवाणी दाव्यात का नको? समन्सची बजावणी कशी झाली याचा रिपोर्ट, निदान 'चिकटवून', 'घरच्यांना दिले', 'नकार' एवढं तरी प्रत्येक प्रतिवादीच्या नावापुढे ॲपवर स्पष्ट दिसू दे. आणि ज्याला हवं त्याने स्वतःचं नाव आणि मोबाइल नोंदवून ठेवला तर त्या नावाचा नवा दावा दाखल होताच सूचना जाऊ दे. नावसाधर्म्याचे घोळ होतील, होऊ देत, दहा चुकीच्या सूचना आलेल्या परवडल्या, एक खरी न आलेली नाही परवडत.

तोवर मी सगळ्यांना एवढंच सांगतो की गावाकडे जमीन आहे आणि आपण राहतो दुसरीकडे, असं असेल तर महिन्यातून एकदा आपल्या आणि भाऊबंदांच्या नावाने शोधून बघत जा, स्पेलिंगं बदलून बदलून. मामेभाऊ आता हे काम दर एक तारखेला करतो, लाइट बिल भरल्यावर. आणि फोन बदलणार असाल तर 'माय केसेस' आधी एक्सपोर्ट करून फाइल स्वतःला मेल करून ठेवा, लॉगिन नसल्यामुळे यादी फोनमध्येच राहते आणि जुना फोन एक्स्चेंजमध्ये गेला की तीही गेली.